खानदेशातील तांब्याचा बंब : घडण, इंधन आणि निगा

खानदेश उन्हाळ्याच्या कडाक्यासाठी ओळखला जात असला आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जात असला, तरी तापीच्या या खोऱ्यातील हिवाळ्याच्या पहाटाही तितक्याच बोचऱ्या असतात, आणि धुळ्याचे किमान तापमान काही वर्षी ५-६ अंशांपर्यंत उतरते. अशा पहाटे एकत्र कुटुंबातील दहा-पंधरा माणसांच्या अंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यात तापवायचे, तर स्वयंपाकाची चूल तास-दोन तास अडून राहत असे. ही अडचण ज्या साधनाने दूर केली, तो तांब्याचा बंब परसदारी किंवा मोरीलगतच्या उघड्या जागेत ठेवलेला असे.

बंब म्हणजे तांब्याच्या पत्र्याचे उभे नळकांडे, ज्याच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत एक रुंद नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी बसवलेली असते; जाळीवर विस्तव, जाळीखाली राख आणि नळीभोवती पाणी, अशी ही रचना आहे. हंड्याखालच्या जाळाची बरीचशी धग बाजूंनी निसटून जाते, पण बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असल्याने ती पाण्याला लागते, शिवाय तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णतावाहक आहे. काही बंबांत पाणी ओतण्याचे नरसाळे आतून तळापर्यंत नेलेले असते, त्यामुळे थंड पाणी जड म्हणून खाली राहते आणि वर चढलेले कढत पाणी माथ्याजवळच्या तोटीतून तेवढ्याच मापाने बाहेर पडते. पाणी ओतण्याचे तोंड बंद करीत नाहीत, म्हणून वाफ कोंडण्याचे भय राहत नाही.

या वस्तूच्या घडणीचे खानदेशातील ठळक ठिकाण म्हणजे धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा मार्गावर किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर, ज्याच्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही आहे. तांबट पत्र्याच्या कडांना दात पाडून ते एकमेकांत अडकवतो, सांध्यावर टाकणखार टाकून पितळी झाळ वितळवतो आणि मग साऱ्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवतो. या ठोक्यांना मठार म्हणतात. मठाराने शोभा येते हे खरे, पण त्याचे मुख्य काम निराळे आहे : भट्टीत तापून मऊ पडलेले तांबे ठोक्यांनी पुन्हा कडक होते आणि पोटात पाण्याचा भार घेऊनही पत्रा पोचत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज पडली, त्याच दशकात चाळीसगाव-जळगाव-भुसावळ असा लोहमार्ग झाला आणि खानदेशात कपाशीचा पैसा आला. मुंबई बंदरात उतरलेले तांब्याचे पत्रे रेल्वेने आत येणे सुलभ झाले हे महत्त्वाचे आहेच; परंतु बंबाच्या दृष्टीने कपाशीने दिलेली मोठी देणगी पैशापेक्षा पऱ्हाटीची होती. वेचणी संपल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून घरामागे रचून ठेवीत; जोडीला तुरीच्या तुराट्या, मक्याची बुरकुंडे आणि गोवऱ्या असत. पऱ्हाटी चटकन पेटते पण लवकर विझते, गोवरी धुमसत राहते, म्हणून आधी पऱ्हाटीने जाळ धरून मग गोवरीचे तुकडे वरून नळीत सोडण्याची रीत पडली.

बंब बाळगणे हे बंब विकत घेण्याहून कठीण काम होते, आणि ते जवळजवळ सर्वस्वी घरातील स्त्रियांच्या वाट्याला येई. पहाटे सर्वांच्या आधी उठून जाळीखालची राख ओढायची, पाणी भरायचे आणि त्यानंतरच विस्तव घालायचा, हा क्रम कधी मोडता येत नसे. कारण रिकामा बंब पेटवला, तर नळीचा पत्रा जळे, झाळ सुटे आणि तांबटाकडे डाग द्यायला न्यावे लागे. अंघोळीचे पाणी पोटात जात नसल्याने आतून कल्हईची, म्हणजे कथलाच्या मुलाम्याची, गरज स्वयंपाकाच्या भांड्यांइतकी नसे. बाहेरून धुराने काळवंडलेले अंग मात्र चिंच आणि राखेने घासावे लागे, आणि दिवाळीत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापूर्वी तर ते लख्ख व्हावेच लागे. खरा शत्रू आत असे. विहिरीच्या जड पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार तापताच घट्ट होऊन नळीच्या पाण्याकडील अंगावर बसतात, हा पांढरा थर उष्णता अडवतो आणि तेवढ्याच पाण्याला अधिक जळण लागते. म्हणून चिंचेचे पाणी आत भरून, थर मऊ करून तो काढावा लागे. खानदेशच्या घरगुती इतिहासात या श्रमांची मोजदाद झालेली नाही, ही मोठी उणीव आहे.

पुढे वीज, गॅस आणि विजेचा गिझर आला. तरी भारनियमनाच्या वर्षांत पहाटेच्या पाण्यासाठी अनेक घरांनी बंब हाताशी ठेवला. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या उद्योगाने सौर बंबही तयार केले, आणि नावाप्रमाणेच त्यांचे तत्त्वही जुनेच आहे : तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली येते आणि पंपाची गरज लागत नाही. धूर आणि राख गेली, क्षार मात्र राहिले. बोअरचे जड पाणी सोडल्यास सौर पत्र्यातील बारीक नळ्या बंबाच्या रुंद नळीपेक्षा लवकर तुंबतात, आणि तिथे चिंच घेऊन हात घालता येत नाही.

जुने बंब आज फार दिसत नाहीत याचे कारण केवळ गिझर नव्हे. तांबे पुन्हा वितळवता येते, त्यामुळे गळका बंब वजनावर मोडीत देऊन त्या बदल्यात नवी भांडी घेण्याची पद्धत सर्वत्र होती. अशा प्रत्येक बंबाबरोबर त्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले मालकाचे नाव, गाव आणि तारीखही भट्टीत गेली. जे थोडे बंब कोठीघरात किंवा माळ्यावर उरले आहेत, त्यांच्यावरील ही अक्षरे उतरवून घेतली, तर कोणत्या काळात कोणत्या गावी तांबे पोहोचले, हे निदान काही अंशी तरी मांडता येईल.