पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन': प्रार्थनेच्या भरवशावर दोन हजार माणसांचं पोट कसं भरलं?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन आहे. १९०० साली या गावाजवळच्या माळरानावर एकोणीसशेहून जास्त माणसं राहत होती. त्यात बहुतेक मुली आणि बायका होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्यांना रोज जेवण लागायचं, पाणी लागायचं, अंगावर कपडा लागायचा. या सगळ्याची जबाबदारी पंडिता रमाबाईंवर होती, आणि दरमहा अमुक इतके पैसे देऊ अशी हमी त्यांना कोणीही दिलेली नव्हती.

हे कसं चाललं, असं विचारलं की रमाबाईंचं उत्तर साधं असायचं: देवाकडे मागितलं, त्याने दिलं. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला हे उत्तर पुरतं. बाकीच्यांना पुढचा प्रश्न पडतो. मागितल्यावर नेमकं काय झालं? पैसा कोणाच्या हातून आला, कशावर खर्च झाला? आणि ज्यांना मदत मिळाली त्यांना त्या बदल्यात काही द्यावं लागलं का? हा शेवटचा प्रश्न पुण्याने रमाबाईंना फार आधीच, १८९३ मध्ये, विचारला होता.

ख्रिस्ती धर्मात प्रार्थना आणि दान एकत्र का येतात?

बायबलच्या नव्या करारात मत्तयचं शुभवर्तमान आहे. त्याच्या ६ व्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकापाठोपाठ बोलतो, आणि तिन्हींबद्दल मुद्दा एकच मांडतो: लोकांना दिसावं म्हणून करू नका. दान गुपचूप द्या, प्रार्थना खोलीचं दार लावून करा. त्याच अध्यायात, आजच्यापुरती भाकर मागणारी, जगभरातल्या चर्चमध्ये म्हटली जाणारी प्रार्थना आहे. आणि शेवटी उद्याची काळजी करू नका, असं सांगितलं आहे.

याला जोड मिळते ती याकोबाच्या पत्राची. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावलं तर त्या श्रद्धेचा उपयोग काय, असा त्याचा रोकडा सवाल आहे. म्हणजे एकीकडे निश्चिंत राहा आणि दुसरीकडे समोरच्याला जेवू घाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवायच्या कशा, यावर एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला आणि तो फार गाजला.

मूळचे प्रशियाचे जॉर्ज म्युलर (१८०५ ते १८९८) यांनी ब्रिस्टल शहरात अनाथाश्रम चालवले. त्यांचे नियम दोन. पैशासाठी कुठल्याही माणसापुढे हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची. आणि कर्ज काढायचं नाही. त्यांच्या हयातीत दहा हजारांच्या आसपास मुलं त्या आश्रमांत वाढली. मात्र म्युलर दरवर्षी सविस्तर अहवाल छापत. कोणत्या दिवशी किती पैसे आले, कोणत्या दिवशी तिजोरी रिकामी होती, हे सगळं त्यात असे. टीकाकार म्हणत, हेही एक प्रकारे मागणंच झालं. टीकेत तथ्य आहे. पण हिशेब उघडा ठेवणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास बसतो, हेही त्यातून दिसतं.

रमाबाईंनी म्युलर यांचं पुस्तक वाचलं होतं. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनबद्दलही वाचलं होतं. भारतात असं करता येईल का, हा विचार तिथून पक्का झाला.

रमाबाई इथवर कशा आल्या?

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांना संस्कृत आई-वडिलांनीच शिकवलं. वडील अनंतशास्त्री पुराणं सांगत तीर्थयात्रा करायचे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब उपासमारीत सापडलं. वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. केडगावचं पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही गोष्ट विसरून चालत नाही. भूक त्यांनी स्वतः काढलेली होती.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भावाचा मृत्यू, लग्न, मुलगी मनोरमाचा जन्म आणि १८८२ मध्ये पतीचं निधन, हे सारं पुढच्या चार वर्षांत घडलं. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली. बोस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिने दहा वर्षं खर्च देण्याचं कबूल केलं. अट अशी होती की शाळा धर्मनिरपेक्ष असावी.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. १८९० च्या अखेरीस ते पुण्यात आलं.

१८९३ चा वाद: प्रार्थनेचं दार उघडं होतं

शारदा सदनात हिंदू मुलींना त्यांचे आचार पाळायची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे पुण्यातले सुधारक सल्लागार म्हणून सोबत होते. रमाबाई रोज मुलीसह स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. त्या खोलीचं दार मात्र उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं की त्या कोणाला बोलावत नाहीत, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाहीत. पालकांना हे पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने विधवा मुलगी शिकायला पाठवली होती, धर्म बदलायला नाही. 'केसरी'ने जोरदार टीका केली. सल्लागारांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि वीसहून जास्त मुलींना घरच्यांनी काढून नेलं. बोस्टनची संस्था रमाबाईंच्या बाजूने उभी राहिली.

या वादात एक बाजू सरळ चूक ठरवता येत नाही. आवडत्या, आदर वाटणाऱ्या बाईंच्या खोलीचं दार रोज उघडं असेल, तर आश्रित मुलीचं 'आपणहून' जाणं कितपत आपणहून असतं? दुसरीकडे, बाईंनी स्वतःच्या श्रद्धेला कुलूप लावून जगावं, ही अपेक्षा तरी किती रास्त? घरात विधवांचे हाल होत असताना गप्प बसणाऱ्या काहींना धर्माची आठवण याच वेळी झाली, हाही भाग होताच.

त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. ती ख्रिस्ती झाली नव्हती. पुढे तिला सगळे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखू लागले. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, ते हिंदू घरांचा विश्वास न गमावता विधवांना शिकवायचं या हेतूने. शारदा सदनाच्या वादाचा धडा त्यामागे होता.

प्रार्थनेबरोबर संत्र्यांची झाडंही

आता मुळातला प्रश्न, पैसा आणि धान्य.

बोस्टनची हमी दहा वर्षांची होती, ती १८९८ ला संपणार होती. रमाबाईंनी त्याआधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली. तिथे संत्री-लिंबांची बाग लावायची आणि फळांच्या विक्रीतून सदनाचा खर्च भागवायचा, असा बेत होता. उद्याची काळजी देवावर सोपवणाऱ्या बाईंनी पाच वर्षं पुढचा विचार करून झाडं लावली होती. त्यांना यात विसंगती वाटत नव्हती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, शहरात एवढी माणसं ठेवायला परवानगी नव्हती. त्यामुळे बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. 'मुक्ती'ची सुरुवात अशी, काहीशी नाइलाजाने झाली.

प्लेगच्याच काळात आपल्या संस्थेतल्या एका मुलीच्या बाबतीत पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत जे घडलं, त्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण लंडनच्या संसदेपर्यंत गेलं. सरकारने आरोप नाकारले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज सरकारच्या बाजूने बोलतील, असं समजणाऱ्यांना हे पत्र अडचणीचं होतं.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या. याच काळातली विहिरींची आठवण रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवली आहे. पाऊस नव्हता, आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. मुक्तीत दोनच विहिरी, आणि माणसांखेरीज शंभरावर जनावरं. रोज संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा, आणि सकाळपर्यंत दिवसभर पुरेल एवढं पाणी पुन्हा जमायचं. रमाबाईंसाठी हे प्रार्थनेचं उत्तर होतं. विहिरीत रात्रभर झरे पाझरतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण उद्या पाझर राहील की नाही हे माहीत नसताना दोन हजार माणसांना थांबवून ठेवणं ही भरवशाचीच गोष्ट होती, त्याला नाव काहीही द्या.

पैसा प्रामुख्याने परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून यायचा. अमेरिकेतली संस्था १८९८ नंतर नव्या रूपात मदत करत राहिली. इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून देणग्या येत. 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं पत्रक इंग्रजीत निघायचं, त्यात इथल्या कामाची आणि गरजांची माहिती असे. म्हणजे म्युलर यांच्यासारखंच: हात पसरायचा नाही, पण परिस्थिती लपवायचीही नाही.

आणि मुक्तीत नुसतं बसून कोणी खात नव्हतं. शेती होती, गाई होत्या, हातमाग होते, तेलाची घाणी होती, शिवणकाम होतं, छापखाना होता. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं.

मग ही मदत निखळ होती का?

मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती ठिकाण होतं. शारदा सदनासारखी धर्मनिरपेक्षतेची अट इथे नव्हती. दुष्काळातून आलेल्या पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. १९०५ मध्ये तिथे सामूहिक प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करत होत्या. पेंटेकोस्टल चळवळीचा जागतिक इतिहास लिहिणारे आज केडगावची दखल घेतात, ती यामुळे.

उपाशी मुलीला अन्न देणाऱ्याचा धर्म तिला आपलासा वाटला, तर ती निवड मोकळी म्हणायची का? शारदा सदनाच्या दाराचाच हा प्रश्न, फक्त कितीतरी मोठा. यावर एवढं नक्की सांगता येतं की रमाबाईंनी जात, प्रांत किंवा आजार पाहून माणूस नाकारला नाही, आणि शिकवलेली मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहील असं काम तिला दिलं. भुकेचा फायदा घेणाऱ्याला एवढ्या कष्टाची गरज नसते. तरीही ज्या पालकांना १८९३ मध्ये फसवल्यासारखं वाटलं, त्यांचा राग याने खोटा ठरत नाही.

देण्याचा भार कोणावर पडतो, हाही मुद्दा असतो. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात संन्याशासारखं राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांची दानत मोठी होती. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की टिळक देऊन मोकळे व्हायचे आणि घरात उद्या काय शिजवायचं हे लक्ष्मीबाईंना पाहावं लागायचं. रमाबाईंच्या बाबतीत देणारी आणि चूल सांभाळणारी बाई एकच होती. कदाचित म्हणूनच त्यांच्या प्रार्थनेला जमाखर्चाची सवय होती.

शेवटचं काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या मुली-बायकांच्या हातून होत होती.

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचं निधन झालं. मुक्तीचं काम पुढे त्या चालवतील, असं रमाबाईंनी धरलं होतं. मुलीमागोमाग वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. केडगावची संस्था आज 'पंडिता रमाबाई मुक्ती मिशन' या नावाने सुरू आहे.