अश्वांतील आनुवंशिक त्वचादौर्बल्य (हर्डा) : निदान

घोड्याच्या कातडीला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची घडण जन्मतः सदोष असल्यामुळे पाठीवरील कातडी सैल पडते, वाजवीपेक्षा ताणली जाते व सहज फाटते, त्या विकारास ‘हर्डा’ म्हणतात. अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स व तिच्याशी रक्तसंबंध असलेल्या पेंट, अ‍ॅपलूसा या जातींत तो आढळत असून बाधित घोड्यांच्या वंशावळी १९४४ साली जन्मलेल्या पोको ब्यूनो या नामांकित नराच्या घराण्याशी जाऊन मिळतात.

शिंगरू जन्मतः बहुधा निरोगीच दिसते. दीड-दोन वर्षांच्या वयात त्याच्यावर खोगीर चढू लागले, की घर्षणाने पाठीवर रक्ताच्या किंवा पाण्याच्या गाठी येतात, कातडी सुटून निघते, जखमा सावकाश भरतात आणि वणांवर पांढरे केस उगवतात. पाठीची कातडी चिमटीत धरून उचलल्यास ती बरीच वर येते व सोडल्यावर चटकन पूर्ववत बसत नाही; मात्र ही परीक्षा अगदी हलक्या हाताने करावी, कारण तिच्यामुळेच नवी जखम होऊ शकते.

कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला असता अंतस्त्वचेच्या खोल भागातील कोलॅजेनचे तंतू बारीक व विस्कळीत दिसतात. परंतु तुकडा उथळ घेतला तर नेमका हाच भाग हुकतो, आणि खोल घेतला तरी निर्णय पक्का होतोच असे नाही. २००७ मध्ये पीपीआयबी या जनुकातील एका अक्षराचा बदल या विकाराच्या मुळाशी असल्याचे सिद्ध झाले, तेव्हापासून आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस निदानास पुरतात. दोष मातापिता दोघांकडून आला तरच रोग होतो. एकाकडून आल्यास घोडा धडधाकट पण वाहक राहतो, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक शिंगराला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. कळपातून गुरे वेगळी काढण्याच्या अमेरिकी स्पर्धांतील उत्कृष्ट घोड्यांत वाहकांचे प्रमाण सुमारे २८ टक्के आढळले आहे. विकारावर इलाज नसल्याने जोडी लावण्यापूर्वीची तपासणी हाच खरा प्रतिबंध होय.

जालना जिल्ह्यासारख्या भागात निदानाचा क्रम उलटा धरणे योग्य. कारण महाराष्ट्रात परंपरेने पाळले जाणारे मारवाडी, काठियावाडी वा भीमथडी घोडे क्वार्टर हॉर्सच्या वंशातील नव्हेत. म्हणून पाठीवरची जखम दिसताच आधी खोगीर व तंग तपासावेत, माश्यांनी सोडलेल्या जंतांच्या अळ्यांमुळे चिघळणारी ‘बरसाती’, बुरशी व भाजणे यांचा विचार करावा, आणि वंशावळीत क्वार्टर हॉर्सचे रक्त असेल तरच केसांची जनुकीय चाचणी करवून घ्यावी. खोगिराने लागलेल्या पाठीला आनुवंशिक रोग ठरवले, तर न बसणारे खोगीर तसेच राहते आणि जनावर नाहक कायमचे निकामी समजले जाते.