नदी उलटी वाहते तेव्हा : भडोचची भरती आणि लाटेवरचा प्रवास

१.
मूल परिसरातील उमा आणि अंधारी या नद्या वैनगंगेला मिळतात. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळण घेते. नदी तेथे उत्तरवाहिनी होते म्हणून ते स्थान पवित्र मानले गेले, तेथे देवळे उभी राहिली आणि महाशिवरात्रीची जत्रा भरू लागली. नदीने दिशा बदलणे या मुलुखाला एवढे अपूर्व वाटते. भडोचजवळची नर्मदा मात्र दिवसातून दोनदा उलटी वाहते. त्या उलट्या पाण्यावर स्वार होण्याच्या कलेला किमान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि पैठण, तेर, कल्याण ही गावे त्या इतिहासात येतात.

२.
समुद्राची भरती नदीमुखातून आत शिरते हे सर्वत्र घडते. पण मुख नरसाळ्यासारखे निमुळते असेल, पात्र उथळ असेल आणि भरती-ओहोटीतील अंतर मोठे असेल, तर आत शिरणारे पाणी कोंडते. त्याची पुढची कड उभी राहते आणि पाण्याची भिंत गर्जना करीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध धावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिचा जोर सर्वाधिक असतो. हुगळीवर तिला ‘बान’ म्हणतात.

३.
वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. तेथे अशी भिंत उभी राहत नाही. गोदावरीच्या मुखाजवळ भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम दीड मीटर असते, आणि नदी एका नरसाळ्यातून नव्हे तर त्रिभुज प्रदेशातील अनेक फाट्यांनी समुद्राला मिळते.

४.
याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना चांगलाच कळला. समुद्रापासून गोदावरी-प्राणहितेमार्गे वर्ध्याच्या कापूस मुलखापर्यंत नौका आणण्याची त्यांची योजना होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते; त्यांतला तिसरा देवलमरीचा, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातला. नौका वर चढवायला समुद्राची मदत नव्हती, म्हणून बंधारे, कालवे आणि जलपाशांचा खटाटोप सुरू झाला. बराच पैसा खर्ची पडल्यावर १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले.

५.
पश्चिमेला खंबायतच्या आखातात चित्र अगदी वेगळे आहे. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या आसपास जाते. निमुळत्या होत गेलेल्या या आखाताच्या आतल्या भागात ते दहा मीटरच्याही पुढे जाते. भारताच्या किनाऱ्यावर एवढी भरती दुसरीकडे नाही. नर्मदेचे मुख याच आखातात आहे.

६.
इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच ‘बॅरिगाझा’ या नावाने येते. तिच्या अनामिक लेखकाने येथील भरतीचे वर्णन जितके सविस्तर केले आहे तितके क्वचितच दुसऱ्या धोक्याचे केले असेल. ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडतो. अमावास्येच्या रात्री दूरवर सैन्याचा गलका उठावा तसा आवाज येतो आणि पाठोपाठ पाणी उथळ्यांवरून सळसळत आत घुसते. नांगर टिकत नाहीत, जहाजे आडवी होऊन वाळूत रुततात, लहान होड्या उलटतात.

७.
मग जहाजे आत जात कशी? त्याचे उत्तरही पेरिप्लसमध्येच आहे. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी ‘ट्रप्पगा’ आणि ‘कोटुंबा’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परदेशी जहाज ते ओढत आणि उथळ्यांमधून वाट काढत नेत. भरती सुरू झाली की नांगर उचलायचा; पाणी थबकले की ठरलेल्या डोहात जहाज बांधायचे आणि पुढच्या भरतीची वाट पाहायची. मुखापासून बंदरापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर अंतर असे टप्प्याटप्प्याने कापले जाई.

८.
परक्या खलाशाला जे पाणी काळ वाटे, तेच या वाटाड्यांचे वाहन होते. लाटेच्या माथ्यावर ते उभे राहत नसत. तिच्या पहिल्या तडाख्यातून जहाज वाचवून मागून येणाऱ्या लोंढ्यावर ते स्वार होत. चंद्राची तिथी, डोहांच्या जागा आणि सरकत्या वाळूची खूण एवढीच त्यांची साधने. घटकाभराची चूक झाली तरी मालासह जहाज जाण्याची भीती होती.

९.
जोखीम मोठी होती, तसा मालही मोलाचा होता. पेरिप्लसच्या हिशेबाने बॅरिगाझापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल, असा माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला जाई. दख्खनच्या विणकराच्या कापडाचा रोमन बाजारापर्यंतचा प्रवास त्या उलट्या पाण्यावर अवलंबून होता.

१०.
कल्याण जवळ असताना एवढा वळसा कशासाठी? कारण राजकीय होते. पूर्वी खुले असलेले कल्याण बंदर पुढे अडवले गेले; चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. भडोचच्या राजाचे नाव हस्तलिखितात बिघडलेले आहे, पण बहुतेक अभ्यासक तो क्षहरात क्षत्रप नहपान मानतात.

११.
याच नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. भरुकच्छ आणि शूर्पारक येथे बांधलेल्या धर्मशाळांबरोबरच तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर त्याने मोफत तरीची सोय केल्याची नोंद त्यांत आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजांची नावे दगडावर आणि चांदीवर उरली. जहाजे आत आणणाऱ्या एकाही कोळ्याचे नाव उरले नाही.

१२.
भरतीच्या लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याच्या खेळाचा आरंभ सहसा २१ जुलै १९५५ या दिवशी मानला जातो. त्या दिवशी जॅक चर्चिल हा ब्रिटिश सैन्याधिकारी स्वतः आखलेली फळी घेऊन इंग्लंडच्या सेव्हर्न नदीच्या लाटेवर स्वार झाला. दुसऱ्या महायुद्धात तलवार आणि धनुष्य घेऊन लढणारा म्हणून तो आधीच प्रसिद्ध होता.

१३.
चीनचा इतिहास मात्र या तारखेच्या कितीतरी मागे जातो. सोंग राजवटीत हांगचौजवळच्या छ्येनथांग नदीवर, आठव्या चांद्रमासातील मोठ्या उधाणाला, तरुण पोहणारे हातात निशाणे घेऊन लाटेत उतरत आणि निशाण कोरडे ठेवण्याची शर्थ करीत. काठावर हजारोंची गर्दी जमे. भडोचला पोट भरण्यासाठी जे चाले, ते येथे उत्सवाचे कौतुक झाले होते.

१४.
अशी लाट कायमची नसते. फ्रान्सच्या सेन नदीवरची प्रसिद्ध लाट पात्र खोदून खोल केल्यामुळे १९६० च्या दशकात जवळपास नाहीशी झाली. कॅनडाच्या पेटिकोडियाक नदीवर १९६८ मध्ये बंधारावजा रस्ता झाला आणि लाट क्षीण झाली. २०१० मध्ये त्याचे दरवाजे उघडताच ती परतू लागली. २०१३ मध्ये दोन सर्फपटूंनी त्याच नदीवर एका लाटेवरून सुमारे २९ किलोमीटर प्रवास केला.

१५.
नर्मदेवर वरच्या बाजूला धरणे झाल्यावर खालच्या पात्रातले गोडे पाणी घटले आणि खारे पाणी आत चढू लागले. त्याला अटकाव करण्यासाठी आणि गोडे पाणी साठवण्यासाठी मुखाजवळ भाडभूत येथे बंधारा बांधण्यात येत आहे. २०१७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शेतीला आणि शहरांना त्या पाण्याची गरज आहे. पण समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिलसा माशावर जगणाऱ्या कोळ्यांनी त्यास विरोध केला आहे, कारण भरतीची वाट तीच माशाची वाट आहे. ज्या पाण्यावरून एके काळी तेरची मलमल परदेशी जहाजांत चढली, ते पाणी भडोचपर्यंत मोकळे पोहोचणार की नाही, हे यापुढे चंद्राच्या तिथीइतकेच बंधाऱ्याच्या दरवाजांवर ठरेल.