खानेसुमारीत हरवलेले पणजोबा

१/ १७ फेब्रुवारी १८८१. त्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथमच सर्वत्र एकाच वेळी खानेसुमारी झाली. नाव, वय, जात, धंदा यांबरोबर जन्मस्थळही विचारले गेले. जुन्नरच्या डोंगराळ भागातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसाचे मूळ त्या कागदावर उमटले असणार. मग ते आज सापडते का?

२/ सापडत नाही. तक्ते तयार झाल्यावर घरोघरचे मूळ कागद जतन झाले नाहीत. मुंबईच्या तक्त्यात पुणे जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या उरली. ना नाव, ना गाव. त्याच वर्षीच्या इंग्लंडमधील खानेसुमारीचे कागद मात्र तेथे नावानिशी पाहता येतात.

३/ स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना अधिनियमाने वैयक्तिक नोंदी गोपनीय ठरवल्या. कलम १५ नुसार त्या तपासणीस खुल्या नाहीत. लोकांनी निर्धास्तपणे उत्तरे द्यावीत, हा त्यामागचा हेतू.

४/ म्हणून शोध वळवावा लागतो गावाच्या दप्तराकडे. गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी होत. जुन्या नोंदी बहुधा मोडीत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरे धुंडाळली गेली. शाळेच्या जनरल रजिस्टरातही जन्मस्थळ मिळू शकते.

५/ तालुका कोणता, हा पुढचा पेच. १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये पुणे जिल्ह्याचे आठ तालुके आहेत. त्यांत जुन्नर आहे, आंबेगाव नाही. मंचर तेव्हा खेड तालुक्यात होते. त्यामुळे आजच्या आंबेगावकराच्या पणजोबांचा तालुका जुन्या कागदांत 'खेड' असू शकतो.

६/ त्याहून मोठी चूक घडते गावाबाबत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. जमीन एका गावी, तर जन्मनोंद आजोळी! सातबारा वडिलांच्या घराण्याचा माग देतो; जन्मस्थळासाठी पणजीचे माहेर ठाऊक हवे.

७/ आणि काही गावे नकाशावरून जागची हलली. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तेथे जन्मलेल्यांना आता घर दाखवता येत नाही. दाखवता येते ती केवळ नोंद.

८/ म्हणून घोडेगाव वा जुन्नरच्या तहसील कचेरीत अर्ज करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे, पणजीचे माहेर कोणते? हे उत्तर खानेसुमारीच्या तक्त्यांत नाही, आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.