अस्थिसंवहन श्रवणयंत्रे, शस्त्रक्रियाविरहित

ध्वनीचे कंपनांत रूपांतर करून ती कवटीच्या हाडांमार्फत अंतर्कर्णापर्यंत पोहोचविणारी व शस्त्रक्रियेवाचून वापरता येणारी साधने. बाह्यकर्ण वा मध्यकर्ण यांतील दोषामुळे ध्वनीचा हवेतील मार्ग अडला, तरी अंतर्कर्ण शाबूत असल्यास या मार्गाने ऐकू येते [→ कान]. जन्मतः कर्णनाल नसलेल्या बालकांना ही यंत्रे विशेष उपयोगी पडतात. कारण नेहमीचे श्रवणयंत्र बसविण्यास त्यांच्या कानात जागाच नसते.

दातांत धरलेल्या दांडीतून ध्वनी ऐकू येतो, असे इटालियन वैद्य व गणिती जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) यांनी सोळाव्या शतकात नमूद केले होते. या तत्त्वावर शिकागोचे रिचर्ड ऱ्होड्स यांनी १८७९ मध्ये वरच्या दातांना टेकवावयाच्या पंख्याच्या आकाराच्या ‘ऑडिफोन’चे एकस्व घेतले. ते हाताने धरून ठेवावे लागत असल्याने तान्ह्या मुलांना निरुपयोगी होते. विसाव्या शतकात विद्युत् कंपक प्रचारात आले. ते पोलादी पट्ट्याने कानामागील हाडावर दाबून बसवीत. पुढे चष्म्याच्या काड्यांतही बसविले जाऊ लागले. परंतु सततच्या दाबाने त्वचा लाल होई, डोके दुखे व मुले यंत्र काढून टाकीत.

स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) यांनी टिटॅनियम हाडाशी एकजीव होते, असे दाखविले. त्याच्या आधारे अँडर्स त्येलस्ट्रॉम यांनी १९७७ मध्ये गॉथेनबर्ग येथे कवटीत रोवलेल्या खुंटीवर यंत्र बसविले. दाबाचा प्रश्न सुटला, पण लहान मुलांची कवटी खुंटीला आधार देण्याइतकी जाड नसते. अमेरिकेत १९९९ मध्ये पाच वर्षांवरील मुलांसाठीच या रोपणास मान्यता मिळाली. भाषा आत्मसात करण्याचा मोलाचा काळ मात्र त्याआधीचाच असतो. तो श्रवणावाचून गेल्यास वाचाविकास खुंटतो. ही उणीव एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेल्या मऊ, लवचिक पट्ट्याने भरून काढली. तेच यंत्र पट्ट्यात अडकवून काही महिन्यांच्या बालकासही वापरता येते. पुढे कानामागील त्वचेस चिकटणाऱ्या पट्टीवर बसणारी यंत्रेही निघाली. त्यांत दाब जवळजवळ नसतो.

त्वचेतून जाताना उच्च कंप्रतेची कंपने क्षीण होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण रोपित यंत्राच्या मानाने कमी स्पष्ट ऐकू येतात. तीव्र तंत्रिकाजन्य बहिरेपणात ही यंत्रे पुरेशी ठरत नाहीत. तरीही रोपणयोग्य वय येईपर्यंत बालकाचा भाषेशी संबंध टिकविणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय.