लॉन : बीपेरणीच्या वेळची खते

बी पेरून लॉन तयार करताना खते दोन हप्त्यांत देतात : पेरणीपूर्वी मातीत मिसळायचे पायाभूत खत आणि उगवणीनंतरचे वरखत. पहिल्यात स्फुरदाला, तर दुसऱ्यात नत्राला महत्त्व असते.

कारणे : बी रुजते ते स्वतःतल्या अन्नसाठ्यावर, तेव्हा त्याला ओल, ऊब आणि हवा पुरते. गवताच्या बारीक बियांत हा साठा थोडाच असल्यामुळे मूळ फुटताच जवळ अन्न हवे. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी, तर कोकण-गोव्यातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते. म्हणून ते मुळांच्या थरातच मिसळावे लागते. नत्र मात्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर निचरून जाते, म्हणून ते विभागून देतात.

मात्रा : माती परीक्षण करून मात्रा ठरवणे उत्तम. एरवी दर चौ. मी.ला सुमारे ५ ग्रॅम स्फुरद पुरते. १०० चौ. मी.साठी एवढे स्फुरद १६ टक्क्यांच्या सुमारे ३.१ किग्रॅ. सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळते. १८:४६:० डीएपी वापरल्यास १.१ किग्रॅ. पुरते आणि सोबत सुमारे २०० ग्रॅम नत्रही मिळते.

पद्धत : जमीन खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचतात. पूर्ण कुजलेले शेणखत व पायाभूत खत वरच्या ८–१० सेंमी. थरात मिसळून जमीन सपाट करतात. शेणखत अर्धकच्चे असल्यास त्यातील तणांचे बी लॉनमध्ये उगवते. हरळीचे बी दर चौ. मी.ला ५–१० ग्रॅम या प्रमाणात, कोरड्या वाळूत मिसळून उभे-आडवे फोकतात, मातीचा पातळ थर देतात आणि झारीने पाणी शिंपडतात.

वरखत : उगवणीनंतर ४–६ आठवड्यांनी १०० चौ. मी.ला सुमारे ५४० ग्रॅम युरिया (२५० ग्रॅम नत्र) देतात. पाने कोरडी असताना तो फोकून लगेच पाणी द्यावे; ओल्या पानांना दाणे चिकटल्यास पाने करपतात. पाणी लांबल्यास नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

दक्षता : बियालगत युरिया पडल्यास अमोनियामुळे कोंब मरतात. तणनाशकमिश्रित खतही पेरणीच्या वेळी टाळावे. उगवणपूर्व तणनाशक तण आणि गवत असा भेद सहसा करत नाही.

निर्बंध : स्फुरद वाहून गेल्यास तळ्यांत शेवाळ माजते. म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००५ पासून राज्यभर लॉनसाठी स्फुरदयुक्त खतांच्या वापरावर निर्बंध घातले. माती परीक्षणात कमतरता आढळल्यास आणि नव्या लॉनच्या पहिल्या हंगामात मात्र सूट आहे. न्यूयॉर्क राज्यातही २०१२ पासून नव्या लॉनला अशीच सवलत आहे. जुन्या लॉनला बहुधा जमिनीतले स्फुरद पुरते. नव्या रोपांची आखूड मुळे तिथवर पोहोचलेली नसतात.