रुमॅटॉइड आर्थ्रायटिस: दुखणे थांबले, आता गोळ्या बंद करू का?

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही आणि हात मोकळे व्हायला तासाहून जास्त वेळ लागतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजेच आमवाताची, सुरुवात बऱ्याचदा अशी होते. वयोमानाने गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवात तरुणपणीही होऊ शकतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा २ ते ३ पट जास्त आढळतो.

शरीरात काय घडते?
रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तराला सूज येते. ही सूज टिकून राहिली तर कूर्चा आणि हाडे झिजतात, बोटे वाकडी होतात. हाडांचे झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. म्हणून उपचार लवकर सुरू करणे महत्त्वाचे.

औषधे कशी काम करतात?
वेदनाशामक गोळीने दुखणे कमी होते, सांध्याची झीज थांबत नाही. झीज रोखण्याचे काम मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझीन यांसारखी औषधे करतात. त्यांचा गुण यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. काही रुग्ण महिनाभरात फरक पडला नाही म्हणून औषध सोडतात, तर काही बरे वाटू लागले म्हणून. दोन्हींत आजार पुन्हा उसळण्याचा धोका असतो.

मेथोट्रेक्सेट घेताना
• ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. वार ठरवून घ्या आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.
• सोबत दिलेले फॉलिक ॲसिड टाळू नका. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वेळेवर करा.
• दारू टाळा. या औषधाने गर्भाला अपाय होतो. मूल हवे असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांशी बोला.
• ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा दम लागणे यांपैकी काही झाल्यास पुढचा डोस घेण्याआधी लगेच डॉक्टरांना दाखवा.

‘वातावरची पुडी’ घ्यावी का?
नाव-घटक न लिहिलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत आराम पडतो, पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचे असते. पुडी घेऊन डॉक्टरांना भेटा.

मग बरे होणे म्हणजे काय?
आमवात सहसा मुळासकट जात नाही, पण शांत राहू शकतो. सूज नाही, सकाळचा आखडलेपणा नाही, ईएसआर आणि सीआरपी आटोक्यात, अशी स्थिती अनेक महिने टिकली की डॉक्टर डोस हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. तोवर धूम्रपान सोडा, सांध्यांना रोज हलका व्यायाम द्या. घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे: हात वरून धडधाकट दिसले तरी सकाळी पिठाचा डबा उघडणे अवघड जाते. तो आळस नसतो.